पाणलोट विकास निधी

पाणलोट विकास निधी : पाणलोटांतील (पावसाचे पाणी वाहून एकाच ओढ्यानाल्याला मिळते अशा क्षेत्रांतील) कोरडवाहू व उताराच्या जमिनींवर मृद्‌संधारण, जलसंधारण आणि वनीकरण यांची कामे गावकऱ्यांच्या सहभागाने व्हावीत, यासाठी राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेकडे (नाबार्ड, स्थापना १२ जुलै १९८२) असलेला निधी. १९९९–२००० च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील घोषणेनुसार केंद्र शासन व नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी रुपये घालून तो उभारला. त्यातून अनुदान व कर्ज अशी दोन्ही स्वरूपांची मदत देण्याची तरतूद होती. गावपातळीवरील कामांसाठी मात्र अनुदानाचा मार्गच प्रामुख्याने रुळला.

निधीत पुढे पडत गेलेली भर कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे. शेती व इतर अग्रक्रम क्षेत्रांना ठरलेल्या प्रमाणात कर्ज न देणाऱ्या वाणिज्य बँकांना तुटीपोटी काही रक्कम नाबार्डकडील ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधीत (१९९५–९६ पासून) ठेवावी लागते. या ठेवींतून राज्य शासनांना रस्ते, पूल, पाटबंधारे यांसाठी कर्जे दिली जातात. तूट जितकी मोठी तितके बँकेला मिळणारे व्याज कमी, अशी रचना असल्याने राज्यांकडून येणारे व्याज आणि बँकांना द्यावयाचे व्याज यांत फरक उरतो, व या फरकाचा काही भाग पाणलोट विकास निधीत जमा होत आला आहे. शेतकऱ्याला जे कर्ज द्यायचे राहिले, त्याच्या दंडवजा रकमेतून त्याच्याच माळावर चर खोदले जातात, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

निधीची कार्यपद्धती ज्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून आली, त्याच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. कार्यक्रमाची आखणी साधारणतः १९८९ च्या सुमारास सुरू झाली, असे मानले जाते. प्रत्यक्ष आरंभ काही ठिकाणी १९९२, तर काही ठिकाणी १९९३ असा दिलेला आढळतो. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील सोशल सेंटरमध्ये दीर्घकाळ काम केलेले स्विस जेझुइट (ख्रिस्ती धर्मसंघाचे) फादर हर्मन बाखर हे त्याचे प्रवर्तक, याविषयी दुमत नाही. त्यांनी व क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट (वॉटर) ही संस्था स्थापन केली. अंमलबजावणीचा पैसा केएफडब्ल्यू या जर्मन विकास बँकेकडून नाबार्डमार्फत, तर गावांच्या क्षमताबांधणीचा जीटीझेड या जर्मन संस्थेकडून वॉटरमार्फत, अशी विभागणी होती. यावरून काही लेखक हे प्रतिमान जर्मन साहाय्याची निर्मिती मानतात. दुसऱ्या मताप्रमाणे त्याची मुळे १९७२ च्या दुष्काळानंतरच्या महाराष्ट्रात आहेत : पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी चालविलेला पाणी पंचायतीचा प्रयोग, १९७५ नंतरचे राळेगणसिद्धीचे काम आणि राज्य शासनाचा १९८३ चा सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान या कार्यक्रमाच्या अटी राळेगणच्या पंचसूत्रीशी (नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान) इतक्या जुळतात की, दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या अटींना मंजुरीच्या आणि हप्त्यांच्या चौकटीत बसविणे ही मात्र बँकेची भर होय.

ही चौकट दोन टप्प्यांची असते. प्रथम क्षमताबांधणीच्या टप्प्यात गाव पाणलोटाच्या एका लहान भागावर काम करून दाखविते. ग्रामसभेने निवडलेली ग्राम पाणलोट समिती हिशेब ठेवू शकते, श्रमदानाला माणसे येतात आणि बंदी पाळली जाते, याची खात्री झाल्यावरच पूर्ण प्रकल्पाला मंजुरी मिळते. इंडो-जर्मन कार्यक्रमात अकुशल मजुरीच्या सुमारे १६ टक्के वाटा श्रमदानाने उचलण्याची अट होती. भूमिहीन कुटुंबांना तीतून सूट असे. उसासारखी अतिपाण्याची पिके न घेण्याचा आणि सिंचनासाठी विंधनविहिरी न घेण्याचा संकल्पही गावाकडून घेतला जाई.

आराखडा शिवारातच होतो. ‘नेट प्लॅनिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तंत्रज्ञ व समितीचे सदस्य गट क्रमांकाप्रमाणे प्रत्येक शेतात जातात. त्या वेळी खातेदार आणि त्याची पत्नी दोघांनी हजर राहावे, असा आग्रह असतो. मातीची खोली, उतार व सध्याचा वापर पाहून कोठे बांधबंदिस्ती, कोठे फळझाडे आणि कोठे केवळ गवत, हे तेथेच ठरते व कागदावर त्यांची संमती घेतली जाते. कामाचा क्रम माथा ते पायथा असा असतो. डोंगरमाथ्यावर समपातळी रेषा पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीच्या हायड्रोमार्करने आखतात. तिच्यावर साधारणतः ६० सेंमी. रुंद व ३० सेंमी. खोल सलग समतल चर खोदून निघालेली माती उताराच्या बाजूला रचतात आणि त्या भरावावर गवताचे बी पेरतात. त्याखाली ओघळींत दगडी बांध, नंतर माती नालाबांध आणि अगदी शेवटी सिमेंट बंधारा. नाल्यातील बंधारे आधी बांधले, तर ते थोड्याच पावसाळ्यांत गाळाने भरतात. बंधारा मात्र चटकन दिसतो व उद्‌घाटनालाही सोयीचा असतो, त्यामुळे हा क्रम पाळणे हप्ते रोखून धरणाऱ्या वित्तसंस्थेला जितके जमते, तितके इतरांना जमत नाही.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे या पद्धतीचे सर्वाधिक उद्‌धृत झालेले गाव. तेथे १९९६ ते २००१ या काळात काम झाले. पूर्वी उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या या गावाची ती गरज कामानंतर संपल्याची नोंद वर्ल्ड रिसोर्सेस या आंतरराष्ट्रीय अहवालाच्या २००५ च्या आवृत्तीत आहे. गावाभोवतीची बरीच जमीन वन विभागाची असल्याने चराईबंदी तेथे विशेष महत्त्वाची ठरली आणि विरोधही तिलाच झाला. गवत कापून नेता येते, पण जनावर सोडता येत नाही, ही व्यवस्था गोठ्यात म्हैस बांधणाऱ्याला परवडते. मेंढपाळाला कळप कमी करावा लागतो किंवा दूर न्यावा लागतो. बँकेच्या अटींचा भार सर्वांत कमी जमीन असलेल्यांवर पडतो, ही टीका रास्त आहे. श्रमदानातील सवलतीने ती पुरती फिटत नाही.

दुसरी अडचण यशातूनच निर्माण होते. भूजल वाढले की नव्या विहिरी, विद्युत पंप आणि नगदी पिके येतात. निधीतून मुरलेले पाणी वर खेचण्यासाठी लागणारी मोटार पुष्कळदा दुसऱ्या बँकेच्या कर्जावर घेतलेली असते. अतिपाण्याच्या पिकांविषयीचा संकल्प प्रकल्प चालू असेतो पाळला जातो. त्यानंतर तो पाळवून घेण्याचे साधन बँकेकडे उरत नाही. काही गावांनी यावर पाण्याच्या ताळेबंदाचा उपाय योजला : पावसाळा संपल्यावर साठा मोजून रब्बीचे क्षेत्र ग्रामसभेत ठरवायचे.

जैवविविधतेचा लाभ आनुषंगिक असतो. बंदीमुळे माळावर स्थानिक गवते व झुडपे पुन्हा उगवतात. मात्र प्रकल्पाचे मूल्यमापन विहिरींची पातळी आणि पीकक्षेत्र यांवर होते. सपाट गवताळ माळरानावर सरसकट चर खोदून झाडे लावणे तेथील तणमोर, माळढोक यांसारख्या पक्ष्यांच्या अधिवासाला उलट मारक ठरू शकते.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जाहीर झालेल्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील ३१ आपद्‌ग्रस्त जिल्ह्यांत, त्यांपैकी महाराष्ट्रातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांत, या निधीतून प्रकल्प घेण्यात आले. आदिवासी भागांत फळझाडांच्या ‘वाडी’ प्रकल्पांसाठी नाबार्डचा स्वतंत्र आदिवासी विकास निधी आहे. अॅडाप्टेशन फंड (२०१२) व ग्रीन क्लायमेट फंड (२०१५) या आंतरराष्ट्रीय निधींची अधिस्वीकृती नाबार्डला मिळाल्यानंतर जुन्या पाणलोटांवरील पुढील कामे हवामान-अनुकूलनाच्या नावाखालीही होऊ लागली. चर, बांध व चराईबंदी हा त्यांचा गाभा बव्हंशी तोच आहे.