पेडल लांब केलं की ब्रेक चांगला लागतो?

गोव्यात जुनी फियाट किंवा अँबॅसिडर हौसेनं बाळगणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: ब्रेक जड वाटतो ना, मग पेडलचा दांडा वेल्डिंग करून लांब करा, गाडी जागच्या जागी थांबेल.

यातलं अर्धंच खरं. दांडा लांबवला की पायाचा जोर वाढून पोचतो, पण पेडलही तेवढंच जास्त खाली जातं. दांड्याच्या बिजागरीपासून पेडलचं अंतर आणि पिस्टन ढकलणाऱ्या काडीचं अंतर यांचं प्रमाण 4 ला 1 असताना पायाचा 30 किलोचा जोर मास्टर सिलिंडरवर (पिस्टननं ब्रेक ऑइल दाबणारा मुख्य सिलिंडर) 120 होतो. 6 ला 1 केलं तर 180. मात्र पिस्टन 25 मिलिमीटर सरकवायला आधी पेडल 100 मिलिमीटर दाबावं लागायचं, आता 150. ड्रमचे लायनर (चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे पट्टे) झिजलेले असले, तर पेडल फ्लोअरला टेकतं आणि गाडी अनमोड घाट उतरतच राहते! वेल्डिंग सुटलं तर बोलायलाच नको.

पेडल जड होण्याची कारणं बहुधा दांड्यात नसतातच. लायनर तेलकट किंवा गुळगुळीत झालेले असतात, नाहीतर व्हील सिलिंडरचा (चाकापाशी लायनर ड्रमवर दाबणारा छोटा सिलिंडर) पिस्टन गंजून अडकलेला असतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत गंजाला निमित्तच लागत नाही. ब्रेक ऑइलही ओल शोषतं. डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत उतरू शकते. मग घाटात ड्रम तापले की ऑइल उकळून त्यात वाफ होते आणि पेडल मऊ पडतं.

तेव्हा आधी चारही ड्रम उघडून बघा, ऑइल बदला, शू (लायनर बसवलेल्या कमानी) अ‍ॅडजस्ट करून घ्या. दांड्याला हात लावायची वेळ सहसा येत नाही.