मोडशीपासून फाजपर्यंत

पोट बिघडलं की आमच्याकडच्या जुन्या बायका 'मोडशी झाली' म्हणायच्या. हा शब्द पोर्तुगिजांनी गोव्यातच उचलला. गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज बखरकारानं इथल्या १५४३ च्या साथीचं वर्णन केलं त्यात तो आहे, गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथातही आहे. फ्रेंचांनी पुढे त्याचं 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याचं मरण, करून टाकलं. मोडशी म्हणजे तेव्हा पटकी, आजचा कॉलरा. जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंची, फाजांची, भारतातली कथा याच रोगापाशी सुरू होते.

१८९६ मध्ये आग्र्याच्या अर्नेस्ट हँकिन या जिवाणुशास्त्रज्ञानं लिहिलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू काही तासांत मरतात; पाणी उकळलं की गुण जातो. गंगाजल फाजांमुळे शुद्ध राहतं, असं सांगणाऱ्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डमध्ये हा दाखला हमखास असतो, यमुना तेवढी गळते. पण बंद नळीत तापवलेल्या पाण्याचा गुण टिकला, हेही हँकिनच सांगतो. फाज एवढी उष्णता सोसत नाहीत. त्यामुळे तो फाजच होता, असं मी तरी म्हणणार नाही.

खात्रीचा पुरावा १९१५ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्टनं आणि १९१७ मध्ये पॅरिसच्या फेलिक्स देरेलनं दिला. काचेच्या बशीत हगवणीच्या जिवाणूंचा गढूळ थर आणि त्यात मधेमधे स्वच्छ गोल ठिपके. फाज जिवाणूला चिकटतो, आपली जनुकं आत सोडतो. आत त्याच्या प्रती वाढतात आणि शेवटी जिवाणूच फुटतो. देरेलनं हे औषध आधी स्वतः पिऊन पाहिलं, मग १९१९ मध्ये हगवणीच्या मुलांना दिलं. १९२७ मध्ये तो पंजाबात पटकीच्या रुग्णांपर्यंत पोचला. गावच्या विहिरींतही फाज ओतले गेले.

घोडं पेंड खात होतं ते एका ठिकाणी. एक फाज एकाच जातीचा, कित्येकदा त्यातल्याही मोजक्याच वाणांचा जिवाणू मारतो. पेनिसिलिन आल्यावर एवढी निवड करत बसायला कोणाला सवड? जॉर्जियातल्या तिबिलिसीत मात्र १९२३ पासूनची संस्था हे काम करत राहिली. तिचा संस्थापक एलियावा १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीत मारला गेला.

अँटिबायोटिक्स थकू लागल्यावर जग परत इकडे वळलं. २०१६ मध्ये सॅन दिएगोत टॉम पॅटरसन हा मरणाच्या दारातला रुग्ण शिरेतून दिलेल्या फाजांनी वाचला. जिथे जिवाणू तिथे फाज, म्हणून असे फाज शोधायला सांडपाण्यावरच जावं लागतं. पणजीकरांना त्यासाठी सांतइनेजच्या ओहोळापलीकडे जायची गरज नाही.