इम्पॅक्ट फॅक्टर मोठा म्हणजे लेख खात्रीचा?

‘मोठ्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये आलंय, म्हणजे संशोधन पक्कं’ हा समज वैद्यकीय वर्तुळात वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे.

इम्पॅक्ट फॅक्टर हा आकडा लेखाचा नसतोच, तो छापणाऱ्या जर्नलचा, म्हणजे संशोधन नियतकालिकाचा असतो. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचे यंदा किती वेळा संदर्भ दिले गेले, त्याला त्या लेखांच्या संख्येने भागायचं, झाली सरासरी. या आकड्याचे जनक यूजीन गारफील्ड आणि अर्विंग शेर यांनी ती वापरली संशोधन-संदर्भांच्या सूचीसाठी जर्नलं निवडायला, डॉक्टरांना गुण द्यायला नव्हे.

आणि सरासरी फसवते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या ‘सीए’ या जर्नलचा २०२० चा आकडा ५०० च्या वर गेला. मुख्य कारण, त्यातली कर्करोगाची आकडेवारी जगभरचे संशोधक प्रस्तावनेतच उद्धृत करतात. त्याच जर्नलमधल्या इतर लेखांना त्याचं श्रेय का मिळावं?

संदर्भ देणं म्हणजे सहमतीही नव्हे. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा लेख १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय जर्नलने छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. त्याला शेकडो संदर्भ मिळाले, पुष्कळसे तो खोडून काढणारे. मोजणीत मात्र सगळे सारखेच धरले जातात.