मुंबई-गोवा महामार्ग समुद्रापासून लांब का?

कोकणातला रस्ता म्हणजे बाजूला समुद्र, अशी समजूत करून निघालेला माणूस पनवेलजवळच्या पळस्प्यापासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत फसतो. अलिबाग, रत्नागिरी, मालवण यांपैकी काहीच या महामार्गावर नाही. अलिबागला वडखळहून वळायचं, रत्नागिरीला हातखंब्याहून, मालवणला कसालहून.

याचं कारण खाड्या. बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग यांची मुखं इतकी रुंद की जुन्या काळी तिथे पूल बांधणं परवडणारं नव्हतं. म्हणून रस्ता आत सरकला, जिथे भरतीचं पाणी संपतं आणि नदी अरुंद होते तिथे. तिथे गावं आधीच होती: सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर, अर्जुनेवर राजापूर, तेरेखोलवर बांदा. गलबतातला माल इथे उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. आजही घाटमाथ्याचे फाटे याच पट्ट्यात आहेत: चिपळूणहून कुंभार्ली, राजापूरकडून अणुस्कुरा, तळेऱ्याहून गगनबावडा. महामार्गाने ही जुनी बंदरंच एका दोरीत ओवली.

त्याची किंमतही आहे. वरून घाटातला पाऊस आणि खालून भरती, दोन्ही एका वेळी आलं की पाणी याच गावांत तुंबतं. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं ते असंच. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीला पूर आला आणि ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल वाहून गेला, सोबत एसटीच्या दोन गाड्याही. नवा पूल 165 दिवसांत उभा राहून जून 2017 मध्ये खुला झाला. या महामार्गावर एवढी घाई क्वचितच दिसली.

नद्या पश्चिमेला वाहतात, रस्ता दक्षिणेला जातो. त्यामुळे प्रत्येक दोन नद्यांमधली डोंगराची सोंड ओलांडावीच लागते. कशेडी घाट ही रायगड-रत्नागिरीची हद्द, पुढे चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट. वर सच्छिद्र जांभा, त्याखाली मऊ चिकणमाती. पाणी जांभ्यातून झिरपून चिकणमातीवर साचतं आणि वरचा थर सुटतो. चौपदरीकरणासाठी डोंगराचा पायथा कापला की उरलासुरला आधारही जातो. कशेडीला शेवटी जुळे बोगदेच काढले.

2010 च्या फेरक्रमांकनात या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक 17 चा 66 झाला, तरी जुने चालक ‘सतरा नंबर’च म्हणतात. कामाचे मात्र तुकडे झाले: पळस्पे ते रायगडमधलं इंदापूर हे 84 किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, इंदापूर-झाराप सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. झाराप-पत्रादेवी हा शेवटचा छोटा टप्पा सर्वांआधी चौपदरी झाला. तो सावंतवाडीला बाजूला टाकून जातो, त्यामुळे सावंतवाडी शहरात जायचं असेल तर झाराप झिरो पॉइंटलाच जुना रस्ता धरावा.