बोट आधी शोधतं, मग दाबतं

आमच्या घरच्या सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर, चालू-बंद करायच्या बटणावर, आईने टिकली चिकटवली आहे. मरून रंगाची, मखमली. त्या रिमोटवर चव्वेचाळीस बटणं आहेत आणि जवळपास सगळी एका मापाची, एका उंचीची, चार-चारच्या रांगेत. दुपारी जेवून आडवं झाल्यावर तिचा चष्मा काढलेला असतो आणि तिला फक्त टीव्ही बंद करायचा असतो. टिकली लावण्याआधी अंगठा भलत्याच बटणावर पडायचा, पडद्यावर ‘नो सिग्नल’ यायचं आणि मला हाक यायची. आता अंगठा रिमोटवरून फिरतो, मखमल लागली की थांबतो आणि दाबतो. बघावं लागत नाही.

हातात मावणाऱ्या उपकरणांवर बटणं कशी असावीत, याचं मर्म मला त्या टिकलीत दिसतं. बोट दोन कामं करतं. आधी ते शोधतं आणि मग दाबतं. ही दोन कामं जिथे वेगळी राहतात, तिथे उपकरण हाताला बसतं. जिथे शोधता शोधताच दाबलं जातं, तिथे माणूस वैतागतो आणि बहुतेक वेळा स्वतःलाच दोष देतो. ‘मला नाही बाई जमत ही यंत्रं’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे, आणि दर वेळी वाटतं की यात त्या बाईंची काही चूक नाही.

एका रविवारी मी तो रिमोट उघडला. कडेच्या खाचेत जुनं एटीएम कार्ड सरकवलं की दोन्ही टरफलं सुटतात. आत हिरवा सर्किट बोर्ड आणि त्यावर रबराची एकसंध चादर. चव्वेचाळीस बटणं वेगळी नसतातच, त्या एकाच चादरीला आलेले ते उंचवटे असतात. चादर उलटी केली की प्रत्येक उंचवट्याच्या पोटाशी काळी गोल चकती दिसते. ती कार्बनची. बोर्डावर तिच्या बरोबर खाली, दोन फण्या एकमेकींत अडकवाव्यात तशा रेघा असतात, पण एकमेकींना न टेकणाऱ्या. बटण दाबलं की चकती त्या दोन फण्यांवर बसते आणि वीज एकीतून दुसरीत जाते. विजेच्या दृष्टीने इतकंच काम.

खरी करामत चकतीच्या भोवती आहे. प्रत्येक उंचवट्याच्या बुडाशी रबराची पातळ, तिरपी भिंत असते, छोट्या घुमटासारखी. बोटाने जोर लावला की ती आधी विरोध करते. विरोध वाढत वाढत साधारण शंभर-दीडशे ग्रॅम वजनाइतका होतो आणि मग भिंत एकदम वाकून बसते. त्या क्षणी बोटाखालचा विरोध झपकन उतरतो. ही जी उतरण आहे, तीच बोटाला ‘टक्’ म्हणून कळते. बोटाला नुसता जोर फारसा कळत नाही, जोरातला बदल मात्र फार चांगला कळतो. म्हणून कानावर आवाज पडला नाही तरी बटण लागल्याची खात्री होते.

त्या भिंतीने आणखी एक काम केलेलं असतं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. शंभर ग्रॅमच्या खाली काहीच होत नाही. म्हणजे बोट बटणांवर टेकवून ठेवता येतं, फिरवता येतं, मोजता येतं. वरून दुसरी रांग, डावीकडून तिसरं. शोधण्यासाठी लागणारा हलका स्पर्श आणि दाबण्यासाठी लागणारा जोर यांच्यामध्ये रबराने उंबरठा घातलेला असतो.

मग शोधताना बोटाला काय सापडतं? बोटाचं टोक ही शरीरातल्या सगळ्यात तल्लख जागांपैकी एक. दोन टोचे एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटरवर असले तरी ते दोन आहेत हे बोटाला समजतं. दंडावर हेच अंतर काही सेंटीमीटर लागतं. ब्रेलचं टिंब जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच असतं आणि तेवढ्यावर माणसं पुस्तकंच्या पुस्तकं वाचतात. जुन्या बटणाच्या मोबाइलवर ५ या आकड्यावर बारीकसा उंचवटा असायचा, आठवतो? कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर अजूनही असतो. ५ सापडला की त्याच्या वर २, खाली ८, बाजूंना ४ आणि ६. एका खुणेवरून सगळी पाटी पाठ होते. ही खूण द्यायला कारखान्यात वेगळा सुटा भाग लागत नाही, साच्यात त्या जागी एक बारीक खळगा केला की झालं. त्यानंतर त्या साच्यातून निघणाऱ्या लाखो रिमोटांवर टिंब आपोआप येतं. जे काम साच्यातल्या एका खळग्याने झालं असतं ते आईला टिकलीने करावं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उपकरण लहान करायची घाई मोठ्या प्रमाणावर झाली ती खिशातल्या कॅल्क्युलेटरमध्ये. १९६८ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने वैज्ञानिक आकडेमोड करणारं एक यंत्र काढलं, पण ते टेबलावर ठेवायचं होतं. कंपनीचे एक संस्थापक बिल ह्यूलेट यांना तेच काम शर्टाच्या खिशात मावेल अशा यंत्रात हवं होतं. १९७२ मध्ये एचपी-३५ बाजारात आला. सुमारे १५ सेंटीमीटर लांब, ८ सेंटीमीटर रुंद, वर ३५ कळा, किंमत ३९५ डॉलर. एरवी अभियंते आधी आतली यंत्रणा बनवतात आणि मग तिच्यावर खोका चढवतात. इथे आधी बाहेरचा आकार आणि कळांची मांडणी ठरली आणि आतल्या लोकांना सांगितलं गेलं की यात बसवा.

पस्तीस कळा तेवढ्याशा जागेत घालायच्या तर त्या लहान करणं भाग होतं. पण त्यांनी कळा लहान करताना त्यांच्यामधली मोकळी जागा राखली. हे वाचताना उलटं वाटतं. जागा कमी आहे तर कळ मोठी करून सगळी जागा भरून का टाकू नये? कारण बोट कळीपेक्षा रुंदच असतं. कळा एकमेकींना चिकटल्या की बोट एकाच वेळी दोघींवर बसतं. मध्ये रिकामी फट असली की शेजारीण सुरक्षित राहते आणि फटीची कड बोटाला वाट दाखवते. शिवाय आकड्यांच्या कळा मोठ्या ठेवल्या आणि बाकीच्या लहान, कारण आकडे सतत लागतात. वाकणाऱ्या धातूच्या पट्टीमुळे दाबल्याचा टिचकीसारखा झटकाही बोटाला मिळत असे.

आकार आणि वेळ यांचं नातं त्याआधीच कोणीतरी मोजून ठेवलं होतं. पॉल फिट्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी वैमानिकांच्या चुकांचा अभ्यास केला आणि ज्याला सगळे ‘वैमानिकाची चूक’ म्हणत होते त्यातलं बरंचसं खापर सारख्या दिसणाऱ्या, सारख्या लागणाऱ्या दांड्यांवर फुटायला हवं, असं दाखवलं. १९५४ मध्ये त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन धातूच्या पट्ट्या, हातात एक कांडी, आणि आळीपाळीने दोन्ही पट्ट्यांवर भराभर टिचक्या मारायच्या. पट्ट्यांची रुंदी आणि त्यांच्यातलं अंतर बदलत गेले. निष्कर्ष असा की अंतर दुप्पट केलं काय किंवा पट्टी निम्मी केली काय, वेळ सारखाच वाढतो. आज फोनपासून एटीएमपर्यंत सगळीकडे हा फिट्सचा नियम वापरतात. छोट्या उपकरणात अंतर मुळातच कमी, त्यामुळे सगळा भार येतो तो बटणाच्या रुंदीवर.

आणि मग काच आली.

टचस्क्रीनच्या काचेखाली पारदर्शक, वीज वाहणाऱ्या तारांची जाळी असते. आपलं शरीर थोडी वीज स्वतःकडे ओढतं, म्हणून बोट जवळ आलं की जाळीच्या त्या भागातली विजेची साठवण किंचित बदलते. आसपासच्या तारांवर बदल किती झाला यावरून फोन बोटाच्या डागाचा मध्य काढतो. (पावसाळ्यात स्टँडवर उभं राहून फोन काढला की तो आपोआप कुठेही जातो, कारण पाण्याचा थेंबही ही साठवण बदलतो.) पडद्यावर हवं ते बटण हव्या त्या जागी काढता येतं, भाषा बदलता येते, अक्षर मोठं करता येतं. हे सगळं मोलाचं आहे आणि मला रबराच्या दिवसांत परत जायचं नाही. पण काचेने उंबरठाच काढून टाकला. टेकलं की लागलं. बोटाला शोधायची मुभा उरली नाही, शोधायचं काम डोळ्यांवर आलं.

शिवाय डोळ्यांना जे बघायचं तेच बोटाने झाकलं जातं. क्रिस्तियान होल्झ आणि पॅट्रिक बाउडिश या जर्मनीतल्या दोन संशोधकांनी २०१० च्या सुमारास याचा बारकाईने अभ्यास केला. आपण नेम धरतो तो बोटाच्या वरच्या बाजूवरून, म्हणजे नखाच्या आकारावरून. फोन मोजतो ते खालच्या बाजूचं मांस कुठे टेकलं ते. या दोन जागांमध्ये फरक पडतो, आणि बोट किती तिरपं आहे त्याप्रमाणे तो बदलतो. आपण ज्याला ‘जाड बोटाची’ चूक समजतो तिचा बराचसा भाग हा असा असतो. म्हणजे जाड बोटं असणाऱ्यांनी ओशाळं होण्याचं काही कारण नाही.

तर काचेवर बटण किती मोठं हवं? २००६ मध्ये पेक्का पार्ही, एमी कार्लसन आणि बेंजामिन बेडरसन यांनी एका हातात यंत्र धरून अंगठ्याने वापरणाऱ्यांवर प्रयोग केले. एकदाच दाबायचं बटण असेल तर ९.२ मिलिमीटर, आणि नंबर लिहिण्यासारखं एकामागून एक दाबायचं असेल तर ९.६ मिलिमीटर पुरेसं, असं निघालं. आता पहिल्या आयफोनचा पडदा आठवा. २००७ साल, रुंदी सुमारे ५० मिलिमीटर, आणि कीबोर्डच्या वरच्या ओळीत इंग्रजी अक्षरं दहा. प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिलिमीटर. हिशोब बसतच नाही. म्हणून त्या कीबोर्डमध्ये पडद्यामागे एक युक्ती होती. टाइप होत असलेल्या शब्दावरून पुढे कोणतं अक्षर येण्याची शक्यता आहे ते पाहून त्या अक्षराचं न दिसणारं क्षेत्र मोठं केलं जाई. चित्र तेवढंच, पण झेलणारी झोळी रुंद. दुसरी युक्ती आपण रोज बघतो. बोट टेकलं की अक्षर बोटाच्या वर फुग्यासारखं येतं, आणि ते लिहिलं जातं बोट उचलल्यावर. चुकीचं दिसलं तर न उचलता सरकवा. म्हणजे शोधणं आणि दाबणं पुन्हा वेगळं केलं. टेकणं हा शोध, उचलणं हा होकार.

देवनागरीचा प्रश्न याहून अवघड. एकेका व्यंजनाची बाराखडी, वर जोडाक्षरं. बटणाच्या फोनवर क-वर्ग एका कळीवर असेल तर ‘घ’साठी चार वेळा दाबायचं, आणि काना-मात्रा वेगळ्या. मुंबईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेल्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डची मांडणी मला यासाठीच फार आवडते. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने लावलेली. ‘क’वर बोट टेकवलं की त्याच्याभोवती चक्र उमलतं, त्यात का, कि, की, कु. बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवायचं आणि सोडायचं. इथे फिट्सचा नियम आपल्या बाजूने काम करतो. ठरावीक ठिपक्यावर थांबायचं नसतं, नुसती दिशा पकडायची असते, आणि पाकळी बाहेरच्या अंगाला रुंद होत जाते. थोड्या सवयीने ‘की’ची दिशा अंगठ्याला पाठ होते. शाळेत बाराखडी पाठ केली तशी, फक्त या वेळी हाताने.

हरवलेली ‘टक्’ परत आणायचेही प्रयत्न झाले. २०१६ च्या आयफोन ७ वरचं गोल होम बटण मुळात दबायचंच नाही. खालचा संवेदक बोटाचा जोर मोजायचा आणि एक छोटी मोटर नेमक्या त्या क्षणी एकच हिसका द्यायची. बोटाला वाटायचं बटण आत गेलं. फोन बंद केला की ते बटण दगडासारखं लागायचं. रिमोटमधल्या रबराची भिंत आणि ही मोटर, दोघी बोटाला तोच एक झटका देतात.

पण काचेवर शोधण्याची मुभा पूर्णपणे परत मिळाली ती अंध वापरकर्त्यांसाठी केलेल्या कामातून. २००९ मध्ये आयफोन ३जीएसबरोबर व्हॉइसओव्हर ही सोय आली, पुढे अँड्रॉइडवर टॉकबॅकमध्येही तशीच आली. ती चालू केली की काचेवर बोट टेकून काहीच उघडत नाही. बोटाखाली काय आहे ते फोन फक्त बोलतो. बोट फिरवत राहायचं, हवं ते ऐकू आलं की दोनदा टिचकी मारायची, पडद्यावर कुठेही. नेम धरायची गरजच नाही.

मी एकदा पाऊण तास डोळे मिटून हे करून पाहिलं. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग हळूहळू कळलं की घाईच नको, बोट काचेवर ठेवून चालत जायचं आहे, जसं दिवे गेल्यावर आपण भिंतीला हात लावून स्वयंपाकघरापर्यंत जातो. ‘संपर्क. संदेश. कॅमेरा. घड्याळ.’ आईला फोन लावला तेव्हा तिने विचारलं, शेजारच्या खोलीतून फोन कशाला करतोस. तिकडून टीव्हीचा आवाज येत होता, आणि बोलता बोलताच तो बंद झाला.