दंतविकास-अभ्यासातील बायोप्रिंटिंग

जिवंत पेशी जेलमध्ये मिसळून, त्रिमितीय प्रिंटरने थरावर थर रचत, भ्रूणातील दंतकलिकेशी (दाताच्या अंकुराशी) साधर्म्य असलेल्या ऊती प्रयोगशाळेत तयार करण्याचे तंत्र. दात घडतो कसा, हे समजून घेण्यासाठी या ऊती वापरतात. पडलेल्या दाताच्या जागी बसवायचा दात छापणे हे वेगळे उद्दिष्ट आहे. बातम्यांत मात्र दोहोंची हमखास गल्लत होते.

दात दोन ऊतींच्या परस्पर संकेतांतून घडतो. एक तोंडाच्या आतला अभिस्तर (एपिथेलियम), दुसरी त्याखालची मेझेन्काइम, म्हणजे भ्रूणातली सैल संयोजी ऊती. मानवी गर्भात सहाव्या आठवड्याच्या सुमारास अभिस्तर जाड होऊन खाली शिरू लागतो आणि कलिका, टोपी, घंटा अशा अवस्थांतून दाताचा आकार ठरत जातो. अभिस्तरापासून एनॅमल (दाताचे कठीण बाह्य आवरण), तर मेझेन्काइमपासून डेंटिन (त्याखालचा कठीण थर) व दंतगाभा (आतला मऊ भाग) तयार होतो. उंदरांवरील १९७० च्या प्रयोगांत कोलर आणि बेअर्ड यांनी पटाशीच्या दाताचा अभिस्तर दाढेच्या मेझेन्काइमला जोडला, तेव्हा दाढ तयार झाली. पुढे १९८७ मध्ये मिना व कोलर यांनी दाखवले, की दात घडवण्याची सुरुवातीची क्षमता अभिस्तरात असते आणि नंतर ती मेझेन्काइमकडे जाते. म्हणजे कोणती पेशी कुठे, कुणाला लागून आणि कोणत्या अवस्थेत आहे, यावर सारे अवलंबून. पेशी हव्या तिथे ठेवता येणे, हीच बायोप्रिंटिंगची जमेची बाजू.

उंदरावर हे सारे तपासायला मर्यादा आहेत: त्याला दुधाचे दात पडून नवे येत नाहीत, सुळे नसतात आणि पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात.

या तंत्राची पूर्वपीठिका प्रिंटरविना घडली. जपानमध्ये ताकाशी त्सुजी यांच्या गटाने २००७ मध्ये उंदराच्या भ्रूणातील दोन्ही प्रकारच्या पेशी सुट्या करून कोलॅजन जेलच्या थेंबात एकमेकींना खेटून, दाटीने सोडल्या आणि त्यांतून दात घडवला. यातली दाटी महत्त्वाची. मेझेन्काइमच्या पेशी एकवटून दाबल्या गेल्या, की तो दाबच पॅक्स-९ सारखी जनुके सुरू करणारा संकेत ठरतो.

प्रिंटरची खरी अडचण इथेच येते. जिलेटिन मेथॅक्रिलॉइल, अल्जिनेट, कोलॅजन किंवा फायब्रिन यांच्या जैवशाईत, म्हणजे छपाईसाठी पेशी मिसळलेल्या जेलमध्ये, पेशी विखुरल्या जातात. शाई दाट ठेवली तर छापलेला आकार टिकतो, पण बारीक नॉझलमधून दाबाने जाताना पेशींवर ताण येऊन त्या मरतात, आणि उरलेल्यांना हालचाल करायला वाव राहत नाही. पातळ केली तर सगळे पसरते. त्यामुळे सुट्या पेशींऐवजी आधीच गोळा झालेले पेशीपुंज छापणे अधिक सयुक्तिक वाटते. जेल पक्के करायला अल्जिनेटसाठी कॅल्शियम, तर जिलेटिन मेथॅक्रिलॉइलसाठी प्रकाश वापरतात.

पेशी आणायच्या कुठून, हा प्रश्न मात्र प्रिंटर कितीही सुधारला तरी सुटत नाही. मेझेन्काइमच्या बाजूने चणचण नाही: काढलेल्या अक्कलदाढांच्या गाभ्यातून (२०००) आणि पडलेल्या दुधाच्या दातांतून (२००३) मूलपेशी वेगळ्या करता आल्या आहेत. पण एनॅमल तयार करणाऱ्या अ‍ॅमेलोब्लास्ट पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. दाताच्या मुळाभोवती उरलेले अभिस्तर-पेशींचे पुंजके (मालासेझचे अवशेष) किंवा प्रेरित बहुक्षम मूलपेशी (प्रौढ पेशी पुन्हा मूलपेशींसारख्या करून मिळवलेल्या) हे पर्याय आहेत, तरी मिळणाऱ्या प्रतिमानांत दंतगाभा-डेंटिनची बाजू भरलेली आणि एनॅमलची तोकडी असते.

निष्कर्ष तपासताना सावधगिरी लागते. अ‍ॅलिझरिन रेड या रंगद्रव्याने ऊती लाल झाली, की ‘डेंटिन तयार झाले’ असे मानण्याचा मोह होतो. तो रंग फक्त कॅल्शियमचा साठा दाखवतो आणि हाडालाही तसाच चढतो. डेंटिन म्हणायचे तर डेंटिनमधील प्रथिनांचे डीएसपीपी हे जनुक सक्रिय हवे, डेंटिन तयार करणाऱ्या ओडोंटोब्लास्ट पेशी एका रांगेत उभ्या हव्यात आणि त्यांचे तंतू शिरलेल्या समांतर नलिका सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला हव्यात.