दीर्घिकांची उफणणी

अवकाश म्हणजे निव्वळ पोकळी, तिथे वारा कुठला, ही समजूत शाळेपासून मनात बसलेली असते. ‘ईएसओ १३७-००१’ या दीर्घिकेचे हबल दुर्बिणीने टिपलेले छायाचित्र पाहावे. सुमारे २२ कोटी प्रकाशवर्षांवर, नॉर्मा नावाच्या दीर्घिकागुच्छातून, म्हणजे शेकडो दीर्घिकांच्या समूहातून, ती धावते आहे आणि मागे निळ्या झिरमिळ्या लोंबताहेत. क्ष-किरणांत तिची शेपटी दोन लाख प्रकाशवर्षांहूनही लांब भरते.

दीर्घिकागुच्छातली मोकळी जागा कोट्यवधी अंश तापलेल्या वायूने भरलेली असते. तो इतका विरळ, की एका घनमीटरमध्ये जेमतेम हजारभर कण. एवढ्याने काय होणार? खरी मौज इथेच आहे. धावत्या दीर्घिकेला हाच वायू समोरून वाऱ्यासारखा लागतो. १९७२ मध्ये गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवले, की समोरून येणारा दाब म्हणजे वायूची घनता गुणिले वेगाचा वर्ग. गुच्छात दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटर आणि त्याहून अधिक वेगाने फिरतात. छोट्या गटात दोन-तीनशे. वेग चौपट झाला की दाब सोळापट! शिवाय गटातला वायू बहुधा आणखी विरळ असतो.

खळ्यावर धान्य उफणताना भुसा उडतो आणि दाणे खाली पडतात, तसेच इथे घडते. तारे वस्तुमानाच्या मानाने इतके आटोपशीर, की त्यांना हा वारा जाणवतही नाही. पसरलेला वायू मात्र उडतो. तबकडीच्या कडेला गुरुत्वाची पकड ढिली, म्हणून आधी कडेचा वायू जातो. गाभ्याजवळचा टिकून राहतो. जिथे वाऱ्याचा दाब आणि तबकडीची ओढ सारखी होते, तिथे ही उफणणी थांबते.

जाता जाता वायू दाबला जातो आणि काही काळ ताऱ्यांचा जन्म उलट वाढतो. ‘जेओ २०१’ या दीर्घिकेच्या झिरमिळ्यांत जन्मलेले तरुण तारे आपल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीने टिपले आहेत. पुढे इंधन संपते, निळे तारे लवकर विझतात आणि लालसर, म्हातारी दीर्घिका उरते.

भोवतालचा परिणाम म्हटले की काहींना पत्रिकेतले ग्रह आठवतात. त्यात बळ कशाचे आणि किती, हे कुणी मोजून दाखवत नाही. इथे ते मोजता येते, आणि गणित चुकले तर दुर्बीण ते उघड करते.

गटांत ताऱ्यांचा जन्म थांबण्याचे दुसरेही एक कारण असते: भोवतीचा राखीव वायू हिरावला जातो आणि दीर्घिका अब्जावधी वर्षांत हळूहळू सुकते. पण आपल्या आकाशगंगेभोवतीच्या बुटक्या दीर्घिकांना मंद वाराही पुरतो, कारण त्यांची स्वतःची ओढ फारच दुबळी. साधारण दहा लाख प्रकाशवर्षांच्या आत वायू राखून असलेले साथीदार म्हणजे मुख्यतः मॅगेलनचे दोन ढग. ते मोठे आहेत, आणि बहुधा नुकतेच जवळ आलेले. इवल्याशा ‘लिओ टी’ या बुटक्या दीर्घिकेकडे अजून हायड्रोजन वायू आहे. ती सुमारे साडेतेरा लाख प्रकाशवर्षांवर, खळ्याबाहेर आहे.